बाळंतिणीचा आहार

बाळंतिणीचा आहार म्हणजे प्रसूतीनंतर स्त्रीच्या शरीराची झीज भरून यावी आणि तिला अर्भकास अंगावर पाजता यावे, यासाठी तिला दिला जाणारा विशेष आहार. मराठीभाषक कुटुंबांत हा आहार तेलमालिश, शेक, धुरी व विश्रांती यांसह साधारणपणे सव्वा महिना पाळला जातो. आधुनिक वैद्यकात प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे, म्हणजे ४२ दिवस, हा सूतिकाकाल मानतात. परंपरेचा सव्वा महिना आणि वैद्यकाचे सहा आठवडे जवळजवळ सारखेच आहेत. स्तनपानामुळे वाढलेली अन्नाची गरज मात्र सव्वा महिन्यानंतरही अनेक महिने टिकून राहते.

संज्ञा

प्रसूत झालेल्या स्त्रीला संस्कृतात ‘सूतिका’ व मराठीत ‘बाळंतीण’ म्हणतात. नुकतीच प्रसूत झालेली ती ‘ओली बाळंतीण’. तिच्यासाठी राखून ठेवलेल्या खोलीला ‘बाळंतखोली’ म्हणत. जन्मानंतरच्या दहा दिवसांच्या अशौचास ‘सोयर’ किंवा ‘वृद्धी’ हे शब्द आहेत. बारशाला किंवा बाळ पाहायला जाताना आप्तेष्ट जी भेट नेतात तिला ‘बाळंतविडा’ म्हणतात. बाळाची अंगडी-टोपडी, आईला खण किंवा साडी आणि डिंकाचे लाडू असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. शासकीय कागदपत्रांत या स्त्रीचा उल्लेख ‘स्तनदा माता’ असा होतो. या शब्दात तिचे दूध येते, तिची स्वतःची झीज येत नाही.

शरीरातील बदल

प्रसूतीच्या वेळी सुमारे एक किलोग्रॅम वजनाचे असलेले गर्भाशय सहा आठवड्यांत आकुंचन पावून साठ-सत्तर ग्रॅमपर्यंत येते. या काळात योनीमार्गे स्राव होत राहतो. तो आरंभी लाल, मग तपकिरी व शेवटी पांढुरका होत चार ते सहा आठवड्यांत थांबतो. प्रसूतीत गेलेले रक्त, योनीमार्गाच्या किंवा पोटावरच्या टाक्यांची जखम, अपुरी झोप आणि संप्रेरकांतील मोठी उलथापालथ हे सारे एकाच वेळी घडत असते. पुढे स्तनपान स्थिरावल्यावर आईच्या शरीरात दिवसाकाठी साधारण पाऊण लिटर दूध तयार होते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत स्त्रीला एरवीपेक्षा दररोज सुमारे ६०० किलोकॅलरी, तर नंतरच्या सहा महिन्यांत सुमारे ५२० किलोकॅलरी अधिक लागतात. पहिल्या सहा महिन्यांत प्रथिनांची गरज सुमारे १७ ग्रॅमने वाढते आणि कॅल्शियमची गरज दिवसाला १२०० मिलिग्रॅमपर्यंत जाते. आहारातून पुरेसे कॅल्शियम मिळाले नाही तरी दुधातील त्याचे प्रमाण फारसे घटत नाही. कमी पडलेला भाग आईच्या हाडांतून घेतला जातो. म्हणून बाळ बाळसे धरत आहे एवढ्यावरून आईचे पोषण नीट चालले आहे, असे म्हणता येत नाही.

रक्तक्षय हा या काळातील सर्वांत व्यापक प्रश्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होते. अनेक स्त्रिया बाळंतखोलीत येतात त्या आधीपासूनच अशक्त असतात.

आयुर्वेदातील विचार

चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकेची परिचर्या सांगितली आहे. भूक लागल्यावर तिला मानवेल असा स्नेह (तूप, तेल इत्यादी) पिंपळी, पिंपळमूळ, चव्य, चित्रक व सुंठ यांच्या चूर्णासह द्यावा, पोटाला तूप-तेल लावून ते मोठ्या वस्त्राने गुंडाळावे, स्नेह पचल्यावर पातळ यवागू द्यावी आणि पाच-सात दिवसांनंतर क्रमाक्रमाने पुष्टिकारक आहाराकडे न्यावे, असा तो क्रम आहे. गर्भाची वाढ, प्रसवाच्या वेदना आणि रक्त व द्रव यांचा क्षय यांमुळे सूतिकेचे शरीर रिते झालेले असते, त्यामुळे तिला जडलेला रोग कष्टाने बरा होतो, असे कारणही चरकाने दिले आहे. सुश्रुतसंहितेत सूतिकेचा काळ दीड महिन्याचा मानला आहे. काश्यपसंहितेत या विषयाला स्वतंत्र अध्याय असून, प्रदेश व कुळाची सवय पाहून उपचारांत फरक करावा असे त्यात सांगितले आहे. आजच्या घरगुती पथ्यातील सुंठ, पिंपळी, तूप, पेज व पोटपट्टा यांचा उगम या परंपरेशी जोडता येतो. ग्रंथांतील ‘पचेल तसे व क्रमाने’ ही अट मात्र लाडवांच्या डब्यापुढे पुष्कळदा विसरली जाते.

पारंपरिक पदार्थ

पहिले काही दिवस हलके व गरम अन्न देण्याची रीत आहे. जिरे घातलेली तांदळाची पेज, मऊ भात, मुगाचे वरण, मेतकूट-तूप-भात, मुगाचे किंवा कुळथाचे कढण, दुधी, दोडका व शेपू यांच्या भाज्या असा हा आहार असतो. हिंग, ओवा, लसूण, आले व मिरी यांचा वापर वाढतो, तर लाल तिखट कमी होते. जेवणानंतर भाजलेली बाळंतशेप, ओवा, तीळ व सुके खोबरे यांचे मिश्रण चावायला देतात. त्यानंतर अळिवाची खीर आणि लाडू सुरू होतात.

डिंकाचे लाडू हा या आहाराचा सर्वपरिचित पदार्थ होय. डिंक तुपात तळून लाहीसारखा फुलवतात व कुटतात. त्यात खारकेची पूड, भाजलेले सुके खोबरे, खसखस, बदाम, गोडंबी, जायफळ व वेलदोडा घालून गुळाच्या पाकात किंवा पिठीसाखरेत लाडू वळतात. या लाडवाची शक्ती डिंकात आहे, असा समज आहे. प्रत्यक्षात डिंक हा मुख्यतः विद्राव्य तंतू असून त्यातून ऊर्जा फारशी मिळत नाही. लाडवाचे पोषण तूप, खोबरे, खसखस, सुकामेवा व खारीक यांतून येते. डिंकामुळे शौचास साफ होण्यास मदत होऊ शकते, आणि टाके असलेल्या स्त्रीच्या दृष्टीने तो लाभ लहान नाही.

अळीव (अहाळीव, हलीम) नारळाच्या पाण्यात भिजवून, ओले खोबरे व गूळ घालून लाडू करतात, किंवा दुधात खीर करतात. अळिवात लोह चांगल्या प्रमाणात असते. वनस्पतीतील लोह शरीरात कमी शोषले जाते. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असल्यास शोषण सुधारते आणि जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते घटते. मेथीच्या लाडवांसाठी मेथीचे पीठ काही दिवस तुपात भिजवून ठेवतात, म्हणजे कडवटपणा कमी होतो. शतावरी दुधातून घेण्याची पद्धत आहे. बाजारात ‘बाळंतकाढा’ क्रमांक १, २ व ३ अशा बाटल्यांत मिळतो आणि तो साधारण दहा-दहा दिवस क्रमाने घेतला जातो. काढ्यांपैकी आसव-अरिष्ट प्रकारांत आंबवण्याच्या क्रियेतून तयार झालेला मद्यार्क असतो. त्यामुळे स्तनपान देणाऱ्या स्त्रीने ते वैद्यांच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घेणे योग्य ठरते.

मेथी, शतावरी, अळीव किंवा बाळंतशेप यांमुळे दूध वाढते याला शास्त्रीय पुरावा मर्यादित आहे. दूध किती तयार होईल हे मुख्यतः बाळ किती वेळा व किती नीट ओढते आणि स्तन किती रिकामा होतो यावर ठरते. रात्रीचे पाजणे, बाळाची पकड नीट बसणे आणि आईला विसावा मिळणे यांचा उपयोग कोणत्याही एका पदार्थापेक्षा अधिक होतो. असे असले तरी लाडू निरुपयोगी ठरत नाही: रात्री दोन वाजता बाळ पाजून झाल्यावर चूल न पेटवता एका हाताने खाता येईल असे ते अन्न आहे.

प्रदेशभेद

देशावर व खानदेशात बाजरीची भाकरी, तूप-गूळ आणि सुक्या खोबऱ्याची लसूण घातलेली चटणी बाळंतिणीस देतात. कोकणात पेज, नाचणीचे सत्त्व, कुळीथ व ओला नारळ यांना महत्त्व आहे. किनारपट्टीवरील मांसाहारी कुटुंबांत मोरी किंवा मुशी (लहान शार्क) दूध वाढवते असे मानून तिचे कालवण करतात. मासे, अंडी, कलेजी व पायाचे सूप हे प्रथिने व लोह यांचे चांगले स्रोत आहेत. सोयराच्या काळात घरात मांसाहार वर्ज्य असेल, तर नेमक्या गरजेच्या दिवसांत ते तिला मिळत नाहीत. पूर्ण शाकाहारी व विशेषतः दूधही न घेणाऱ्या स्त्रियांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव होऊ शकते. तिचा परिणाम दुधावर व त्यामुळे बाळावरही होतो. अशा वेळी डॉक्टर ब-१२ची पूरक मात्रा देतात. परदेशांतील मराठी कुटुंबांत मुलीच्या बाळंतपणासाठी आई विमानाने जाते, तेव्हा सामानात डिंक, अळीव व सुंठ बहुधा असतेच.

पथ्ये आणि त्यांची पारख

बाळंतिणीच्या पथ्यांपैकी काही उपयुक्त, काही निरुपद्रवी आणि काही घातक आहेत. ताजे व गरम अन्न, उकळलेले पाणी, पाहुण्यांची मर्यादित ये-जा आणि जड कामापासून सुटका ही पहिल्या गटात मोडतात. सूतिकाज्वर हा एकेकाळी मातामृत्यूचे मोठे कारण होता. हात धुण्याने तो टळतो हे इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी व्हिएन्ना येथे १८४७ मध्ये दाखवून दिले.

घातक पथ्यांत पाणी तोडणे हे प्रमुख आहे. पोट सुटेल किंवा अंगात पाणी शिरेल या भीतीने काही घरांत बाळंतिणीला मोजून पाणी देतात. त्याने बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग व थकवा वाढतो. तहान लागेल तेवढे पाणी पिणे हा योग्य नियम आहे. तहानेपेक्षा अधिक पाणी प्यायल्याने दूधही वाढत नाही. केळी, पपई, दही, संत्री, पालेभाज्या व डाळी वर्ज्य करण्याने आहार एकसुरी होतो. आईने डाळ किंवा कोबी खाल्ल्याने बाळाच्या पोटात वायू धरतो, या समजुतीस ठोस आधार नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर बाळाला दर वेळी त्रास होतो असे दिसले, तर तेवढाच पदार्थ काही दिवस बंद ठेवून पाहता येतो. भात किंवा तूरडाळ खाल्ल्याने टाके पिकतात, हाही असाच समज आहे. टाक्यांना पू होतो तो जंतुसंसर्गाने. जखम भरण्यासाठी उलट प्रथिनांची गरज असते.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून शेक व धुरी देण्याची जुनी पद्धत धोकादायक आहे. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि आई व बाळ दोघेही त्याने दगावू शकतात. दिवसचे दिवस अंथरुणावर खिळून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते, म्हणून विश्रांतीबरोबर थोडे चालणे आवश्यक असते. पोटपट्टा बांधल्याने पाठीला आधार वाटतो, परंतु फार आवळून बांधू नये. मिश्री लावण्याची सवय असलेल्या स्त्रीच्या दुधात तंबाखूतील निकोटिन उतरते, हे पथ्याच्या याद्यांत सहसा सांगितले जात नाही.

पहिले दोन-तीन दिवस येणारे दाट, पिवळसर दूध म्हणजे चीक. ते काढून टाकण्याची प्रथा पूर्वी अनेक ठिकाणी होती. या दुधात रोगप्रतिकारक घटक भरपूर असल्याने जागतिक आरोग्य संघटना जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू करण्याची व पहिले सहा महिने निव्वळ स्तनपानाची शिफारस करते.

तुपाने सांधे वंगणले जातात किंवा गर्भाशय लवकर आवळते, यास आधार नाही. ते ऊर्जेचा दाट स्रोत आहे, इतकेच. अपुऱ्या अन्नावर असलेल्या स्त्रीला ते उपकारक, तर आधीच वजन अधिक असलेल्या स्त्रीला भाराचे ठरते. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांना गोड लाडू व खिरी बेताने द्याव्या लागतात आणि प्रसूतीनंतर ६ ते १२ आठवड्यांत त्यांची रक्तशर्करा पुन्हा तपासणे आवश्यक असते. वजन उतरवण्यासाठी या दिवसांत उपास किंवा कडक आहारनियमन करणे टाळावे.

दूध कमी पडल्याची भीती

‘दूध पुरत नाही’ ही बाळंतिणीची व तिच्या भोवतालच्यांची नेहमीची चिंता असते. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल आणि दोन आठवड्यांच्या सुमारास जन्मवेळच्या वजनाला पोहोचले असेल, तर दूध बहुधा पुरेसे असते. बाळ रडणे किंवा स्तन मऊ लागणे ही दूध कमी असल्याची खात्रीची लक्षणे नाहीत. मात्र फार रक्तस्राव, थायरॉइडचे विकार, स्तनांवरील शस्त्रक्रिया किंवा अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण यांमुळे काही स्त्रियांना प्रयत्न करूनही पुरेसे दूध येत नाही. तेव्हा वैद्यकीय सल्ल्याने वरचे दूध द्यावे लागते. त्यात आईच्या खाण्याचा किंवा मायेचा दोष नसतो, आणि तसा शेरा ऐकावा लागल्याने दूध वाढतही नाही.

घरातील स्थान व विश्रांती

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ आहे. तिच्यामुळे निदान एकदा तरी स्त्रीला सासरच्या कामांतून सुटका मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस ती सासरीच राहते आणि पथ्यही आखूड होते. मुलगा झाल्यास पेढे व मुलगी झाल्यास बर्फी वाटण्याची रीत निरुपद्रवी दिसते. काही घरांत तोच भेद आईच्या ताटापर्यंत पोहोचतो. शेतमजुरी, वीटभट्टी किंवा ऊसतोडणी करणाऱ्या कुटुंबांत सव्वा महिना विश्रांती ही बहुधा न परवडणारी गोष्ट असते. दहा दिवसांचे सोयर धार्मिक अशौच म्हणून पाळले जात असले तरी त्या काळात स्त्रीला स्वयंपाकघरात जावे लागत नसे, हा त्याचा व्यावहारिक परिणाम होता. आजच्या शहरी घरांत सोयर उरले नाही आणि त्याच्या जागी विसाव्याची दुसरी सोयही सगळीकडे झालेली नाही. जेवण हातात आणून देणे, रात्री बाळाला पाजल्यानंतर थोपटून निजवणे, लंगोट धुणे ही कामे बाळाचा पिता व घरातील इतर माणसे करू शकतात.

मानसिक स्वास्थ्य

प्रसूतीनंतर तिसऱ्या ते दहाव्या दिवसादरम्यान अकारण रडू येणे, चिडचिड व हुरहूर अनेक स्त्रियांना जाणवते आणि ती आपोआप ओसरते. दोन आठवड्यांनंतरही उदासी टिकली, भूक व झोप गेली, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर ते प्रसूतीपश्चात नैराश्य असू शकते. ते उपचारांनी बरे होते. प्राथमिक चाळणीसाठी १९८७ साली तयार झालेली दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली जगभर वापरली जाते. गोव्यात झालेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांत नैराश्य आढळले. गरिबी, वैवाहिक जीवनातील हिंसा आणि मुलगी झाल्याने पदरी आलेली निराशा यांचा त्याच्याशी संबंध दिसून आला. अशा स्त्रीला घरात ‘बाहेरची बाधा’ किंवा ‘नखरे’ असे म्हटले गेल्यास उपचारांस उशीर होतो. क्वचित भ्रम, भास व पराकोटीची अस्वस्थता दिसते. ती तातडीची वैद्यकीय अवस्था होय. केंद्र शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

तातडीची लक्षणे

तासाभरात एक पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तीव्र डोकेदुखी किंवा अंधुक दिसणे, झटके, छातीत दुखणे वा धाप लागणे, एकाच पोटरीला सूज व वेदना, स्तनावर लाल, गरम व दुखरी गाठ, टाक्यांतून पू येणे यांपैकी काहीही दिसल्यास काढा किंवा शेक यांवर वेळ न घालवता रुग्णालयात जावे लागते. मातामृत्यूंचा मोठा भाग प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांतच घडतो. पूर्वीच्या समाजात पाचवीच्या रात्री सटवाईची पूजा करून घर जागे ठेवीत. तापाच्या व जंतुसंसर्गाच्या दृष्टीनेही धोक्याचे दिवस साधारण हेच होत.

शासकीय तरतुदी

१९७५ पासून चाललेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाडीमार्फत गरोदर स्त्रियांना व प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत मातांना पूरक आहार मिळतो. त्याचे प्रमाण दिवसाला ६०० किलोकॅलरी व १८ ते २० ग्रॅम प्रथिने असे ठरवले आहे. घरी नेण्याचा हा शिधा सगळ्या कुटुंबात वाटला जातो, ही त्यातील जुनी अडचण होय. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये आदिवासी भागांसाठी सुरू केलेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतच एक वेळचे शिजवलेले पूर्ण जेवण देण्यात येते.

रक्तक्षयमुक्त भारत कार्यक्रमानुसार प्रसूतीनंतर १८० दिवस दररोज लोह व फॉलिक आम्लाची एक गोळी, तसेच सहा महिने कॅल्शियमच्या गोळ्या विनामूल्य दिल्या जातात. या दोन्ही गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत, कारण कॅल्शियममुळे लोहाचे शोषण कमी होते. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय रुग्णालयांत साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस व सिझेरियननंतर सात दिवस मोफत आहाराची तरतूद आहे. आशा कार्यकर्ती रुग्णालयातील प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी भेट देते. या गृहभेटींची कल्पना डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात केलेल्या नवजात बालकांच्या घरगुती काळजीच्या प्रयोगावर आधारलेली आहे.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये व दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आहे. शेतमजूर, घरकामगार व ऊसतोड कामगार अशा असंघटित क्षेत्रातील स्त्रियांपर्यंत ती बहुतांशी पोहोचत नाही.